अर्ध्या वाटेचे दाजी

जगातली माणसं एक तर जाणारी असतात नाही तर राहणारी, असं कुणी सांगू लागला तर त्यानं आमच्या दाजींना पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं. दाजी हा तिसराच प्रकार. ते निघतात आणि माघारी येतात. पोचणं म्हणून प्रवासाचा जो एक मधला भाग असतो, तो त्यांनी आयुष्यातून जवळजवळ वगळूनच टाकला होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुक्काम नांदूरघाट. थोडी बागायत, माळावर सीताफळाची झाडं, एक विहीर आणि दावणीला म्हशी. माणूस अंगापिंडानं दणकट, आवाज असा की स्वतःच्या शेतातून हाक मारली तर शेजारच्या शिवारातले बैल थांबावेत. साप, सावकार, तलाठी, कुणालाच न भिणारा. पण घरापासून कोस-दोन कोस लांब गेला की त्याची चुळबुळ सुरू व्हायची, आणि केज यायच्या आत-बाहेर ती इतकी वाढायची की दाजी सीटवरून उठून म्हणायचे, "मास्तर, बेल मारा. उतरायचंय." त्या रस्त्यावरचे जुने कंडक्टर त्यांना लांबचं तिकीट फाडून देण्याआधी एकदा विचारून घेत, "मालक, नक्की ना?"

माघारी यायला निमित्त कुठलंही चालायचं. बहुतेकदा ते कुलूप असे. दाजी घराला कुलूप लावत आणि मग ते नीट लागलं की नाही हे पाहण्यासाठी त्याला लोंबकळत. एकदा ते इतक्या मनापासून लोंबकळले की कुलूप शाबूत राहिलं आणि कोयंडाच चौकटीसकट हातात आला. त्या दिवशी तर गावाबाहेर पडायचाही प्रश्न आला नाही. कधी विहिरीवरची मोटार चालू राहिल्याचा संशय येई, कधी चुलीत निखारा राहिल्याचा. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली होती, पण दाजींच्या मनातली चूल विझत नव्हती. परळीला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं तेव्हा मजल बरीच पुढे गेली. वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या, आता काही हा माणूस फिरत नाही म्हणून अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा करून घेतला, आणि तेवढ्यात दाजींना वासराचं दावं सैल बांधल्याचं आठवलं. दोघं उतरले. आहेराची साडी गाडीतल्याच एका परळीच्या बाईच्या हाती धाडून दिली. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "चिमण्या दिसल्या की पाव्हणं. परळीत आजून काय असतंय?" नारायणगडाच्या यात्रेला ते दरवर्षी निघत आणि दरवर्षी गड दिसला की खालूनच हात जोडून परतत. देवाला खालचं दिसत नसतं तर त्यानं गडावर घर कशाला केलं असतं, असा त्यांचा सवाल होता.

या सवयीपायी त्यांचं राजकारणही बुडालं. एका पंचायत समितीच्या निवडणुकीत दाजींना उमेदवारी द्यायचं जवळपास ठरलं होतं. फक्त मुंबईला जाऊन पुढाऱ्यांना एकदा तोंड दाखवायचं बाकी होतं. कार्यकर्त्यांनी जीप भरली, दाजींना पुढच्या सीटवर बसवलं, गळ्यात हार घातला. जामखेडच्या अलीकडे आभाळ भरून आलं आणि दाजींना उघड्यावर राहिलेली कडब्याची गंज आठवली. जीप मुंबईला गेली, दाजी हारासकट एका दुधाच्या टेम्पोत बसून माघारी आले. उमेदवारी जीपमधल्याच दुसऱ्या एकाला मिळाली आणि तो निवडूनही आला. दाजींना त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही. "आवो, सभापती होऊन भिजलेला कडबा खायाचा का काय?" असं ते पुढे कैक वर्षं सांगत.

या सगळ्या प्रवासांत अक्का त्यांच्या शेजारी होती हे मात्र सांगताना सगळेच विसरतात. दाजी उठले की ती पिशवी उचलायची. तक्रार नाही, धुसफूस नाही. तिनं महाराष्ट्र बराच पाहिला होता, पण सगळा अर्धा अर्धा. सोलापूर तिनं पाहिलं ते मोहोळपर्यंत, नगर पाहिलं ते कडा गावापर्यंत. माहेरीसुद्धा ती अशीच यायची. आईनं ताट वाढेपर्यंत दाजी अंगणात चपला घालून उभे असत. लग्नाआधी आमची अक्का फार हसरी होती, सबंध आळीला तिच्या हसण्याचा आवाज ओळखू यायचा. पुढे ती कमी बोलायला लागली तेव्हा आम्हांला वाटलं, संसार म्हटलं की हे व्हायचंच.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी पुण्याहून आली. ती तिथं कंपनीत नोकरीला, जावईही तिथंच. आई-वडिलांच्या लग्नाला खूप वर्षं झाली म्हणून काहीतरी करावं असं तिच्या मनात होतं. तिनं अक्काला विचारलं, "आई, तुला काय पाहिजे ते सांग. साडी, दागिना, काही पण." अक्का भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यात टाकून, तिला पाणी लावून मग ती म्हणाली, "मला अशा जागी ने, जिथनं ह्यांना माघारी येता येणार न्हाई."

मुलगी आधी हसली आणि मग विचारात पडली. विमान तिनं बाद केलं, कारण ते उतरतं. शेवटी तिनं जहाजाचं आरक्षण केलं. मुंबईहून निघायचं, गोवा, कोची, लक्षद्वीप करत आठवड्याभरानं परत मुंबईला. वाटेत जहाज थांबतं ही गोष्ट तिनं वडिलांपासून लपवून ठेवली. बीडहून मला बोलावून घेतलं ते पाहुणा म्हणून नव्हे. "मामा, तू अप्पांच्या शेजारी बसायचं. त्यांना उठू द्यायचं नाही," अशी कामगिरी मला सरळ फोनवरच मिळाली.

दाजी तयार कसे झाले हे मला आजही नीट कळलेलं नाही. बहुधा आपण पाटोद्यापर्यंत जाऊन परत येणार याची त्यांना खात्री असावी. घर, गुरं आणि मोटार असं सगळं त्यांनी केजच्या चाचांवर सोपवलं. हे चाचा पंचक्रोशीतल्या मोटारी दुरुस्त करतात, आणि दाजींच्या मोटारीत बिघाड नसतानाही ती तपासायला येऊन येऊन त्यांचे दोस्त झालेले. चाचा घरातल्या माणसांसह आठवडाभर राहायलाच आले. तरी निघताना दाजींनी त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. सवयीचा भाग. चाचांनी खिडकीतून आवाज दिला, "अरे मियाँ, मला कावून कोंडता?" तेव्हा कुठं ते उघडलं गेलं.

जावयानं गाडी कुठंही थांबवायची नाही असं ठरवलंच होतं. मांजरसुंबा मागे पडलं, पाटोदा गेलं, जामखेड गेलं. दाजी प्रत्येक फाट्याला "जावईबापू, जरा थांबता का?" म्हणत आणि जावई अदबीनं "हो अप्पा, पुढं थांबू" म्हणत गाडी दामटवत होता. नगरच्या पुढे दाजी गप्प झाले. इतक्या लांब ते कधी आलेच नव्हते, त्यामुळे इथून माघारी कसं जायचं याचा त्यांना अनुभव नव्हता. पुण्याला मुलीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबई बंदरात पोचलो.

बंदर म्हणजे काहीतरी चिखलाचं, होड्यांचं, मासळीच्या वासाचं असेल अशी माझी कल्पना होती. तिथं तर काचेची भलीमोठी इमारत, गार हवा, आणि सामान तपासायच्या रांगा. आणि काचेपलीकडे ते जहाज. मी आधी ती आणखी एक इमारतच समजलो. अक्कानं ते पाहिलं आणि नुसतीच "अगं बया" म्हणाली. दाजींनी मात्र त्याच्याकडे विकायला आलेल्या बैलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि गणवेशातल्या एका पोराला विचारलं, "चढायचा रस्ता दावलात. उतरायचा कुठंय?" तो म्हणाला, "काका, तोच रस्ता. पुढच्या आठवड्यात." दाजींचा चेहरा पडला.

कागदपत्रं झाली, सामान गेलं, हातात पास आले. जहाजावर चढणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे होतो आणि तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. पलीकडे चाचा. थोरल्या म्हशीनं पान्हा चोरला होता. सकाळपासून ती कुणाला हात लावू देत नव्हती, आणि आंबोणालाही तोंड लावत नव्हती. चाचांनी आपलं काळजीपोटी कळवलं. दाजींनी फोन खिशात घातला, खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि म्हणाले, "चला."

मी त्यांचा दंड धरला. तो धरून न धरल्यासारखा होता. मुलगी रडकुंडीला आली. "अप्पा, चाचा आहेत ना तिथं. डॉक्टर बोलावतील." दाजी म्हणाले, "त्या मुक्या जनावराला काय म्हाईत डाक्टर अन् फिक्टर? ती माझी वाट बघती." आणि मग ते सवयीनं अक्काकडे बघून पुन्हा म्हणाले, "चल गं."

अक्कानं पिशवी उचललीही होती. मी पाहत होतो. इतक्या वर्षांत हात आपोआप जातो. पण पिशवी उचलून ती दाराकडे वळली नाही. ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली आणि म्हणाली, "तुमी जावा. मी जाऊन येते."

आवाजात राग नव्हता. शेजारणीकडे जाऊन येते म्हणावं इतक्या साधेपणानं ती म्हणाली. दाजींना आधी ते कळलंच नाही. मग कळलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि चालू पडले. काचेच्या दारातून बाहेर जाताना त्यांनी मागे पाहिलं, पण अक्का पाहत नव्हती. जावई त्यांच्या मागे धावला. रांग हलली. मुलगी मला म्हणाली, "मामा, आता?" मी कामगिरीत सपशेल हरलेला माणूस, मी काय सांगणार? आम्ही तिघं जहाजावर चढलो.

वरच्या डेकवर अक्का कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं. खाली बंदरातलं पाणी गढूळ होतं, तेलकट होतं, आणि ती त्याच्याकडे असं बघत होती की जणू ते पूर्ण पाहून झाल्याशिवाय हलायचं नाही असं तिनं ठरवलं आहे. मी तिला म्हणालो, "अक्का, आपण उतरू या का? अजून वेळ आहे." ती म्हणाली, "मला उतरून उतरून कटाळा आलाय रे."

आणि मग, जहाजाचे दरवाजे बंद व्हायच्या बेतात असताना, डेकच्या त्या टोकाकडून जावई आणि त्याच्या मागे घामानं निथळणारे दाजी येताना दिसले. टोपी हातात, पिशवी काखेत. येऊन ते अक्कापासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहू लागले. मग त्यांनी आपण होऊनच मला सांगितलं. "टॅक्सीत बसलतो बगा पाव्हणं. जावईबापू मागं पळत होते, पर मी ऐकतोय व्हय? टॅक्सीवाला म्हणला, काका एवढी घाई कावून, घरी कुणी आजारी हाय का? म्हणलं, म्हैस. त्यानं आरशातनं बघितलं. म्हणला, अन् घरची मंडळी? म्हणलं, जहाजात. त्यानं गाडी बाजूला घेतली. म्हणला, म्हणजे घरी कोण कोण हाय? मी मोजाय लागलो तर कोणच न्हाई की. समदी हितंच." दाजींनी टोपीनं तोंड पुसलं. "मग त्यानं मला न इचारताच गाडी फिरवली. मी आजवर लई येळा माघारी फिरलो, पर मला कुणी माघारी फिरवलं न्हवतं."

अक्कानं हे सगळं ऐकलं, पण नजर पाण्यावरून काढली नाही. तशीच म्हणाली, "तोंड धुवा. घाम लई आलाय." जहाजानं भोंगा दिला तेव्हा दाजी दचकून तिच्या जवळ सरकले आणि तिथंच राहिले.

पुढचे दिवस दाजींनी जहाजावर कसे काढले याचं वर्णन अवघड आहे. खोलीच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसतं एक पत्त्याच्या पानासारखं कार्ड लावायचं. लोंबकळायला काहीच नाही, म्हणून दाजी कितीतरी वेळ खांद्यानं दार ढकलत राहायचे, आणि समोरच्या खोलीतल्या गुजराती आजी रोज भिऊन मदतीची घंटी दाबायच्या. जेवायला शंभर पदार्थ मांडलेले, त्यातून दाजी वरण-भात शोधून काढत आणि "ह्यांनी लसणाला लांबूनच नमस्कार केलाय" असं म्हणत घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी सोडत. फोनला रेंज नव्हती. तरी ते घटकाभरानं फोन कानाला लावून बघत आणि कुणाला तरी सांगावं तसं समुद्राला सांगत, "लागत न्हाई."

अक्का मात्र सुटली होती. जादूचे प्रयोग, गाण्याचे कार्यक्रम, पोहण्याच्या हौदाकाठची उघडी-वाघडी माणसं, ती सगळं शांतपणे आणि शेवटपर्यंत पाहायची. शेवटपर्यंत, हे महत्त्वाचं. कार्यक्रम संपून लोक उठून गेले, पडदा पडला, खुर्च्या आवरायला माणसं आली की मग ती उठायची. एकदा जादूगारानं एका जाड्या माणसाच्या शर्टातून कबूतर काढलं आणि अक्का खळखळून हसली. डोळ्यांत पाणी येईतो हसली. दाजी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "ही अशी हसती व्हय?"

"आधी हसायची," मी म्हणालो.

जादूगाराकडे मग त्यांचं लक्ष नव्हतं.

गोव्याला जहाज थांबलं तेव्हा आमचं गुपित फुटलं. सगळे प्रवासी खाली उतरून फिरायला निघाले आणि आता दाजी नक्की पळणार म्हणून मुलगी दाराशीच उभी राहिली. फोनला रेंज आली होती. पहिला फोन चाचांना. म्हैस दुसऱ्याच दिवशी पान्हवली होती. चाचांच्या सुनेनं तिला थोपटलं, दोन शब्द हिंदीत सुनावले आणि बादलीभर दूध काढलं. दाजींनी "बरं झालं" म्हटलं खरं, पण चेहऱ्यावरून त्यांना ते पुरतं बरं वाटलं असावं असं दिसलं नाही. मग मुलगी म्हणाली, "चला अप्पा, उतरू या, गोवा बघू." दाजी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. "मी न्हाई उतरत. उतरलो तर एसटीचा स्टँड हुडकीन. तुमी जाऊन या." पुढे कोचीलाही ते उतरले नाहीत आणि लक्षद्वीपलाही नाहीत. स्वतःवर ज्याचा इतकासुद्धा विश्वास नाही आणि ते कबूल करायला जो इतका मोकळा आहे असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. अक्का बेटावर जाऊन आली तेव्हा तिच्या साडीच्या काठाला पांढरी वाळू चिकटलेली होती. दाजींनी ती बोटावर घेऊन पाहिली आणि विचारलं, "मऊ हाय का गं तिथं?" अक्का त्यांना बराच वेळ सांगत बसली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघंच डेकवर होतो. सूर्य बुडायला आला होता आणि चारी बाजूंना नुसतं पाणी. मी सहज म्हणालो, "दाजी, एवढी कसली ओढ हो घराची?" चेष्टा करायची म्हणूनच विचारलं होतं. दाजी म्हणाले, "माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की कारखान्याला. मला आत्याकडं ठिवायचे. पट्टा पडायच्या, हंगाम सरायच्या टायमाला म्या रोज फाट्यावर जाऊन बसायचो. ट्रॅक्टर यायचे, टरक यायचे. दुसऱ्यांचे आईबाप उतरायचे." ते थांबले. "यायचे शेवटाला. दरसाली आले. न्हाई असं न्हाई. पर आजबी घर सोडलं की वाटतंय, उंबऱ्यावर कुणी तरी आपली वाट बघत बसलंय."

"कोण?"

"आता कोण असणार? कोणच न्हाई. पर बसलंय."

अंधार पडायला लागल्यावर अक्का शाल घेऊन आली आणि तिनं ती दाजींच्या खांद्यावर टाकली.

परतीच्या वाटेवर, मुंबई-पुणे मागे टाकून आम्ही नांदूरघाटाकडे निघालो तेव्हा आता दाजी जावयाला गाडी पळवायला सांगणार असं आम्ही धरून चाललो होतो. पाटोदा सोडल्यावर माळावरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या. मांजरसुंब्याला, घर अगदी हाकेच्या अंतरावर आलेलं असताना, दाजी म्हणाले, "जावईबापू, चहा घेऊ." जावयाचा विश्वास बसेना. रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही बाकड्यांवर बसलो. दाजी आणि अक्का एका बाकड्यावर. चहा आला. दाजी बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायला लागले.

"पुढल्या साली काशीला जाऊ," ते म्हणाले. "पार शेवटापत्तुर."

अक्का गुडघ्यांवरून हात फिरवीत होती. गाडीतून उतरतानाही तिला दाराचा आधार घ्यावा लागला होता. "जाऊ की," ती म्हणाली. "पर आता गुडघे पहिल्यावानी ऱ्हायले न्हाईत माझे. पायऱ्या असतेत म्हणं तिथं."

दाजींची बशी ओठांशी तशीच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली. "मग बसत बसत जाऊ," ते म्हणाले. अक्कानं मान हलवली. चहा संपला, पैसे दिले, तरी दोघंही उठेनात आणि आम्हांलाही त्यांना उठवावंसं वाटेना. समोरच्या रस्त्यावरून कुठल्या तरी लांबच्या गावाची पाटी लावलेली एक एसटी गेली, आणि ती घाटाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती दोघं तिच्याकडे बघत बसली.